पॅरिस ते रोम: आमच्या ट्रॅव्हल एजंट ताईंना जाहीर आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पॅरिस, लुसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम अशी अकरा रात्रींची सहल तुम्ही कोल्हापुरातल्या आपल्या टेबलावर बसून आखून दिलीत आणि ती आखल्यासारखीच पार पडली. फोनवर आभार मानून झालेच आहेत. तरी हे पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही नेमकं काय केलंत आणि का केलंत हे इतरांनाही कळावं असं मनापासून वाटतं. "आता सगळं मोबाइलवर बुक होतं, एजंट कशाला?" असं विचारणाऱ्यांना या कामाचा मोठा भाग दिसतच नाही. बुकिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. एक रात्र इकडची तिकडे केली की व्हिसा, रेल्वेचा पास, संग्रहालयांचे वार, विम्याच्या तारखा असं सगळंच हलतं. ते सगळं एकाच वेळी ध्यानात ठेवणारं माणूस लागतं.

त्या एका रात्रीपासूनच सुरुवात करतो. आमची मागणी होती पॅरिस तीन रात्री, स्वित्झर्लंड चार आणि इटली चार. तुम्ही कागदावर आकडे मांडलेत आणि स्वित्झर्लंडची एक रात्र काढून इटलीला दिलीत. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करायचा असतो. विमान कुठे उतरतं हे पहिल्यांदा बघायचं नसतं. मुक्काम सारखे निघाले तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. चार-चार रात्री ठेवल्या असत्या तर मुख्य देश कोणता, यावरच प्रश्न उभा राहिला असता. इटलीच्या पाच रात्री झाल्यावर शंकेला जागाच उरली नाही. बरेच लोक पॅरिसला उतरतो म्हणून डोळे झाकून फ्रान्सकडे अर्ज करतात आणि "तुमचा मुक्काम तर दुसरीकडे जास्त आहे" म्हणून अडकतात.

त्याच बदलात रेल्वेचाही हिशोब बसला. स्विस ट्रॅव्हल पास सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. पाच दिवसांचा मिळत नाही. चार रात्री म्हणजे पाच तारखा, म्हणजे सहा दिवसांच्या पासचे पैसे भरा, नाहीतर शेवटच्या दिवसाचं महागडं सुटं तिकीट काढा. तीन रात्री म्हणजे चार तारखा, आणि चार दिवसांचा पास त्यात तंतोतंत बसतो. पास स्विस हद्दीपुरता चालतो हेही तुम्ही नकाशावर बोट ठेवून दाखवलंत. पॅरिसच्या गार द लिऑन स्टेशनवरून स्विस हद्दीवरच्या बाझेलपर्यंतच्या टीजीव्ही या वेगवान गाडीचं तिकीट वेगळं आणि त्यात सीटचं आरक्षण सक्तीचं. बाझेल ते लुसर्न पासवर. पुढे इटलीला जाताना मिलानच्या गाडीत स्विस हद्दीपर्यंत पास, पुढच्या इटलीच्या भागाचं तिकीट वेगळं. पॅरिसमध्ये मोठी रेल्वे स्टेशनं अनेक आहेत. गार द्यू नोर आणि गार द लिऑन यांत गल्लत झाली तर सामानासकट शहर ओलांडावं लागतं, म्हणून व्हाउचरवर स्टेशनचं पूर्ण नाव तुम्ही हायलाइट केलं होतं.

मग आलं वारांचं गणित. लूव्र मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सची उफीझी सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी स्टेशनवरची दुकानं सोडली तर बहुतेक बाजार बंद. तुम्ही निघायला बुधवार निवडलात. त्यामुळे लूव्र गुरुवारी आलं, शनिवारी लुसर्नला पोचून खाण्यापिण्याची खरेदी करता आली, रविवार डोंगरावर गेला, उफीझी पुढच्या गुरुवारी आणि व्हॅटिकन शनिवारी. हेच गुरुवारी निघालो असतो तर रोममधला एकुलता एक पूर्ण दिवस रविवारी पडला असता. विमानाचं तिकीट हजार-दोन हजारांनी स्वस्त म्हणून तारीख पुढे-मागे करणाऱ्यांनी आधी हे कोष्टक मांडावं.

विमानाच्या तिकिटाबद्दल तुमचा आग्रह ठाम होता: मुंबई–पॅरिस आणि रोम–मुंबई, दोन्ही एकाच पीएनआरवर. एजंट मंडळी याला ओपन जॉ म्हणतात. पॅरिसचं जाऊन-येऊन तिकीट काढलं असतं तर केवळ परतीसाठी रोमहून उलटं पॅरिस गाठावं लागलं असतं. एक पूर्ण दिवस आणि प्रत्येकाचं एक जादा तिकीट फुकट. आखाती विमानतळावर विमान बदलायचं होतं, तिथेही एकाच तिकिटामुळे सामान थेट शेवटपर्यंत जातं आणि पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली की ही जबाबदारी संपते. शिवाय मधल्या देशात इमिग्रेशन ओलांडून सामान घ्यायला लागलं तर तिथला व्हिसाही लागू शकतो. आणखी एक ताकीद तुम्ही दिलीत, जी ऑनलाइन तिकीट काढताना कुणी ठळकपणे सांगत नाही: पहिला टप्पा न कळवता सोडला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

नावांच्या बाबतीतली तुमची काळजी तर आपल्याकडच्या प्रत्येक घरानं शिकण्यासारखी आहे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. तिकिटावर ती दोन्ही, पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगनं, यायला हवीत. आधार कार्डावरून नाव उतरवलं की घोळ झालाच. घरातल्या ज्येष्ठांच्या जुन्या पासपोर्टवर कधीकधी आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि अख्खं नाव एकाच ओळीत. तसं दिसलं तर तिकीट काढण्याआधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यायचा, कारण तिकीट, विमा आणि व्हिसा तिन्ही त्या पासपोर्टच्या नावावर आणि नंबरावर उभे असतात. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पानं, हे तुम्ही पहिल्याच भेटीत तपासलंत.

व्हिसाच्या फायलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नकार बहुतेक इथेच येतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. मे महिन्याच्या सुट्टीत अर्ध्या महाराष्ट्राला एकाच वेळी जायचं असतं, त्यामुळे बोटांचे ठसे द्यायच्या तारखा लवकर संपतात. तुम्ही जानेवारीतच कामाला लागलात आणि मुंबईतल्या केंद्रात सगळ्यांच्या तारखा एकाच सकाळी मिळवल्यात. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. केंद्राचं शुल्क वेगळं, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही.

फायलीतल्या तारखांचा तुमचा तक्ता आमच्याकडे अजून आहे. एका ओळीत एक तारीख, त्यापुढे शहर, हॉटेल, त्या दिवशीचं वाहन. हॉटेलच्या प्रत्येक व्हाउचरवर सगळ्यांची नावं. विमा निघण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत, किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतले. एखाद्या तारखेला मुक्कामाचा पुरावा नसेल तर तेवढी एक फट शंकेला पुरते. बँकेच्या खात्याबद्दल तुम्ही सांगितलंत की अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून मोठी रक्कम आणून टाकू नका. अधिकारी शिल्लक बघतो तसाच तिचा प्रवासही बघतो. पगार, पेन्शन, दुकानाचा गल्ला, जे नियमित येतं ते दिसू द्या. विकत मिळणारी बनावट तिकिटं फायलीत लावायला तुम्ही साफ नकार दिलात. खरं, तपासता येणारं आरक्षण लावलंत, आणि हॉटेलं व्हिसा येईपर्यंत रद्द करता येणाऱ्या दरानंच धरलीत. तो दर थोडा जास्त असतो. ते पैसे वाया गेले असं कुणीही समजू नये.

आजींसाठी तुम्ही जे केलंत त्याचे आभार खास. विम्याच्या अर्जात रक्तदाब आणि मधुमेह स्पष्ट लिहायला लावलेत आणि आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेली तातडीची अवस्था ज्यात धरली जाते तीच पॉलिसी निवडलीत. स्वस्त पॉलिसीत नेमकं हेच वगळलेलं असतं. व्हीलचेअर सांगतानाही नुसतं "व्हीलचेअर" म्हणायचं नसतं. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही त्यांना एक कोड, डब्ल्यूसीएचआर. जिनाही चढवत नाही त्यांना दुसरा, डब्ल्यूसीएचएस. चुकीचा कोड पडला की विमानाच्या पायऱ्यांशी अडून बसावं लागतं. जेवणाचंही तसंच. हिंदू मील म्हणजे शाकाहारी असा समज आहे, पण एचएनएमएल या कोडात मांसाहार येतो. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं तर एव्हीएमएल, जैन हवं तर व्हीजेएमएल, आणि ते आयत्या वेळी मिळत नाही, एक-दोन दिवस आधी नोंदवावं लागतं.

युंगफ्राऊयोख या बर्फातल्या उंच स्टेशनचा हट्ट सगळ्यांचा होता. तुम्ही रोखलं नाहीत, फक्त माहिती समोर ठेवलीत. उंची 3,454 मीटर, हवा विरळ. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच, तिथून पुढे केवळ सवलत. लुसर्नहून जाऊन-येऊन अख्खा दिवस. त्याऐवजी रिगी हा डोंगर सुचवलात: 1,798 मीटर, लुसर्नहून बोटीनं फिट्झनाऊ, तिथून 1871 साली सुरू झालेली दात्यांच्या रुळांची गाडी, आणि बोटीसकट सगळं पासमध्ये. गुडघे दुखणाऱ्यांना आणि लहान मुलांना रिगीच बरा, हे आमचंही ठाम मत झालं आहे. ज्यांना बर्फच हवा त्यांची गोष्ट वेगळी.

व्हेनिसमध्ये हॉटेल सांता लुचिया स्टेशनजवळ घेतलंत, समोरच्या मेस्त्रेमध्ये नाही. मेस्त्रे स्वस्त आहे आणि गाडीनं दहा-बारा मिनिटांवर आहे, पण एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर ती संध्याकाळच मोलाची. मात्र स्टेशनजवळ म्हणजे मध्ये पायऱ्यांचा पूल नसलेलं, हे तुम्ही नकाशावर तपासलंत. भरलेली बॅग घेऊन पूल चढायला लागला की त्या शहराची मजा तिथेच संपते. इटलीत शहर-कर हॉटेलात जागेवर, माणशी, रात्रीमागे द्यावा लागतो आणि तो आधी भरलेल्या पैशांत नसतो. तुमच्या कोटेशनमध्ये "समाविष्ट नाही" या रकान्यात तो स्पष्ट लिहिला होता. कोणत्याही एजंटचं कोटेशन आलं की आधी तोच रकाना वाचावा.

पैशांची बाजूही तुम्ही उघडी ठेवलीत. युरो आणि फ्रँकचा कोणता दर धरला ते तारखेसह, तुमचा सर्व्हिस चार्ज वेगळ्या ओळीत, जीएसटी वेगळा, टीसीएस वेगळा. टीसीएसचा दर बजेटनुसार बदलत राहतो, पण तो खर्च नसून आगाऊ भरलेला कर आहे, बिलावर ज्याचा पॅन त्याच्या नावे आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्नमध्ये वजा मिळतो, हे तुम्ही बिल करण्याआधी सांगितलंत. म्हणून ज्याचा कर खरोखर लागतो त्याच्याच पॅनवर बिल केलं. फॉरेक्स कार्डात युरो आणि स्विस फ्रँक वेगवेगळे भरून दिलेत. दुकानातलं मशीन "रुपयांत की युरोत" विचारेल तेव्हा तिथलंच चलन निवडायचं, हे तुम्ही कार्डाच्या पाकिटावरच लिहून दिलंत. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो.

आणि बॅगेत काय न्यायचं नाही हेही. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तुपाची बरणी घरीच. भडंग, कोरडी चटणी, कांदा-लसूण मसाला चालतो. औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, हातातल्या बॅगेत, औषधांची मूळ नावं लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते म्हणून त्याच सकाळचं विमान धरू नका, आदल्या दिवशी पोचा, असं तुम्ही बजावलंत. पॅरिसच्या सीमेवर आता फोटोची नोंद होते आणि रांग लांबते, म्हणून उतरल्या दिवशी वेळ ठरलेलं एकही तिकीट ठेवलं नाहीत.

ताई, हे सगळं तुम्ही न मागता, कारणासकट सांगितलंत. जिथे तुमचं कमिशन वाढलं असतं अशा दोन-तीन ठिकाणी उलट कमी खर्चाचा पर्याय दिलात. तुमचा सर्व्हिस चार्ज पै न् पै रास्त होता, आणि ओळखीच्या कुणालाही आम्ही तो घासाघीस न करता द्यायला सांगू.

घरातल्या सगळ्यांकडून, आजींकडून तर विशेष, मनःपूर्वक आभार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपलं,
कोल्हापूरचं एक कुटुंब