चहाचा ठराव सर्वानुमते मंजूर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेलं वर्षभर आपल्या पेपरात एआयवर काही ना काही येतंच आहे, यंत्र विचार करतं का, यंत्राला मन असतं का, नोकऱ्या जाणार का, आणि मी ते सगळं वाचतो, काही कात्रणं ठेवलीयत सुद्धा. पण हेच प्रश्न घेऊन बसणारी एखादी संस्था काढायची म्हटलं तर ती चालवायची कशी, यावर कुणी चार ओळी लिहिल्याचं बघण्यात नाही. सध्या ते काम माझ्या गळ्यात पडलंय म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त चहाचा भाग ठेवा.

आमचं गावातलं तत्त्वज्ञानाचं जुनं अभ्यासमंडळ आहे, महिन्यातून एकदा पंधरावीस डोकी जमतात, मी तिथं अकरा वर्षं कार्यवाह होतो. त्यातलेच काहीजण, पुण्यातली तीनचार सॉफ्टवेअरवाली पोरं, एक निवृत्त प्राध्यापिका आणि माझा आयर्लंडातला भाचा, यांनी मिळून तत्त्वज्ञान आणि एआय या विषयाची रीतसर संस्था काढायचं ठरवलंय. लोगो दोन दिवसांत तयार झाला. घटना कोण लिहिणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, काका तुम्हाला अनुभव आहे म्हणे.

तर पहिली तयारीची सभा झाली, निम्मे हॉलमध्ये, निम्मे झूमवर. इतिवृत्त लिहायला कुणी नको, एआय लिहील, असं ठरलं. आणि खरंच, सभा संपून मी चपला घालतोय तोवर ग्रुपवर इतिवृत्त पडलं. काय ती भाषा, सूचक काय, अनुमोदक काय, मी अकरा वर्षांत इतकं सुबक लिहिलं नाही. विषय क्रमांक ४ बघितला तर, "चहाची व्यवस्था : सर्वानुमते मंजूर". झालं होतं असं की मावशी ट्रे घेऊन आल्या, कुणीतरी म्हणालं चहा आलाय, घ्यायचा ना, आणि सगळे हो हो म्हणाले. हसलो आम्ही. पण विषय क्रमांक ५ मध्ये लिहिलं होतं की एका एआय कंपनीकडून देणगी घ्यायला सभेची मान्यता आहे, सूचक म्हणून त्या पोरांपैकी एकाचं नाव, आणि अनुमोदक कोण तर आमच्या प्राध्यापिका बाई. आता बाई प्रत्यक्षात काय म्हणाल्या होत्या, तर "हो हो, घ्या की, आम्हाला विचारताय कशाला!" हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला कळलं की बाई भडकल्यात. यंत्राला कळलं की बाईंचं अनुमोदन आहे.

यंत्राला मी फार दोष देत नाही, पुणेरी होकार ओळखायला बाहेरगावच्या माणसालासुद्धा वर्षं लागतात. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या इतिवृत्ताखाली ग्रुपवर सात अंगठे पडले होते, त्यातला एक माझा. वाचलं कुणीच नव्हतं. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.

म्हणून घटनेच्या मसुद्यात मी पहिलं कलम हेच घातलंय. टिपणं कुणीही घ्या, यंत्राने घेतली तरी चालतील, पण प्रत्येक ठराव सभा संपायच्या आत मोठ्याने वाचायचा आणि इतिवृत्ताखाली अध्यक्ष आणि कार्यवाह यांची सही, शाईची. एक पोरगा म्हणाला, काका माणूसपण चुकतो की. चुकतो ना. मीच एकदा वर्गणीवाढीचा आकडा चुकीचा लिहिला होता आणि पुढच्या वार्षिक सभेत उभं राहून पंचवीस मिनिटं बोलणी खाल्ली, एका आजोबांनी तर मागच्या तीन वर्षांचे हिशोब काढले. ती बोलणी खायला कुणीतरी खुर्चीत पाहिजे एवढंच माझं म्हणणं. जी संस्था यंत्राच्या निर्णयाची जबाबदारी कुणाची यावर परिसंवाद घेणार, तिच्याच ठरावाची जबाबदारी कुणाची हे सांगता येऊ नये म्हणजे कमाल आहे.

आता पैशांचं. आपल्याकडे तत्त्वज्ञानाला शेठजींनी पैसा दिल्याचं मोठं उदाहरण आहे, अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, १९१६ सालचं, प्रतापशेठ यांच्या आश्रयाने उभं राहिलेलं. साने गुरुजी पण तिथं शिकायला आले होते. मग कंपनीने दिला पैसा तर बिघडलं कुठं, असं भाच्याचं म्हणणं. बिघडतं ते असं, की प्रतापशेठची होती कापडाची गिरणी, आणि गिरणीतल्या धोतराचा खप काही शांकर वेदान्त खरा की खोटा यावर ठरत नव्हता. विद्वानांनी काहीही निष्कर्ष काढला असता तरी माल तेवढाच विकला गेला असता. एआय कंपनीचं तसं नाही. यंत्राला समज आहे असं आम्ही म्हटलं तर ती जाहिरात होते, आणि यंत्राच्या चुकीला कंपनी जबाबदार असं म्हटलं तर तिला ते महागात पडतं, म्हणजे आमच्या परिसंवादाच्या निष्कर्षात देणगीदाराचा धंदा अडकलेला.

हे काही माझं म्हाताऱ्याचं खुसपट नाही. बाहेर हे घडून गेलंय. अल्गोरिदम न्यायाने वागतात का यावर फॅक्ट नावाची एक मोठी परिषद भरते. टिम्निट गेब्रू ही एआय-संशोधक तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि नोकरी गूगलमध्ये. मजकूर लिहिणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे मोठ्या भाषा-मॉडेलांच्या, धोक्यांवर तिने इतरांबरोबर लिहिलेल्या एका शोधनिबंधावरून २०२० च्या डिसेंबरात तिचं आणि गूगलचं बिनसलं, ती म्हणते मला काढलं, गूगल म्हणतं तिने राजीनामा दिला. तो शोधनिबंध २०२१ मध्ये त्याच परिषदेत आला आणि गूगल त्या परिषदेचं प्रायोजक! शेवटी मार्च २०२१ मध्ये परिषदेने गूगलचं प्रायोजकत्व स्थगित केलं. पण असा निर्णय ऐन परिषदेच्या तोंडावर घ्यायची वेळ आली की फार ओढाताण होते, त्यापेक्षा कुणाचे घ्यायचे, किती घ्यायचे, आणि ज्याची नोकरी त्या कंपनीत आहे त्याने त्या विषयाला मत द्यायचं की बाहेर जाऊन उभं राहायचं, हे आधी कागदावर हवं. मी लिहिलंय की बाहेर जायचं. आमची पोरं नाराज आहेत कारण त्यांच्यापैकी दोघं तसल्याच कंपन्यांत आहेत. असू दे.

अध्यक्षपदाचं तर आपल्याकडे विचारूच नका. अध्यक्ष एकदा झाला की फोटोला हार चढेपर्यंत अध्यक्ष. मी अमेरिकेतल्या ट्रिपल एआयची (AAAI) पद्धत बघितली, ही एआयवाल्यांची १९७९ सालची संस्था, ॲलन न्यूवेल पहिले अध्यक्ष. नावात आधी अमेरिकन होतं, २००७ मध्ये ते काढून ॲडव्हान्समेंट आणलं, आद्याक्षरं तीच राहिली, लेटरहेड वाचलं. तिथं माणूस दोन वर्षं नियोजित अध्यक्ष, दोन वर्षं अध्यक्ष आणि मग दोन वर्षं माजी अध्यक्ष म्हणून राहतो. म्हणजे येणारा बघून शिकतो आणि जाणारा किल्ल्या देऊन लगेच रुसून बसत नाही. हे मी जसंच्या तसं उचललंय.

मताचा अधिकार कुणाला यावर मात्र दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. इंजिनिअर म्हणतात ज्याला मॉडेल कसं चालतं कळत नाही त्याने काय बोलायचं, आणि तत्त्वज्ञानवाले म्हणतात ज्याला समजणं म्हणजे काय हे कधी विचारावंसंच वाटलं नाही त्याने तरी काय बोलायचं. मी दोघांना ट्युरिंगचं सांगितलं. यंत्र विचार करू शकतं का, हा त्याचा प्रसिद्ध लेख १९५० साली आला तो माइंड या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात, आणि लिहिणारा गणिती. उलट ह्यूबर्ट ड्रायफस हा तत्त्वज्ञानाचा माणूस, त्याला रँड कॉर्पोरेशन या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेने एआयचं काम बघायला बोलावलं तर त्याने १९६५ मध्ये ही किमयागिरी आहे, म्हणजे लोखंडाचं सोनं करण्यातला प्रकार, असा अहवाल लिहून दिला, एआयवाले वर्षानुवर्षं चिडून होते त्याच्यावर. तर हद्दीबाहेर जाऊन बोलणं हा या विषयाचा स्वभावच आहे. पण कार्यकारिणीत एका बाजूचे अर्ध्याहून जास्त नकोत, ही अट मी ठेवलीय आणि ती कुणालाच आवडलेली नाही, म्हणजे बहुतेक बरोबर असावी.

आमच्याकडे निबंध मागवणार आहेत, तर त्यात एआयने लिहिलेलं चालेल का हा पण घोळ. आयसीएमएल या मशीन लर्निंगच्या परिषदेने २०२३ साली नियम केला होता की पूर्ण मजकूर भाषा-मॉडेलकडून लिहून घेतलेला शोधनिबंध चालणार नाही, प्रयोगाचा भाग म्हणून दाखवलात तर चालेल. आणि ट्रिपल एआयने २०२६ च्या परिषदेसाठी आलेल्या निबंधांचं एआयकडून परीक्षण करून घ्यायचं ठरवलं, पण जोडीला पुरवणी म्हणून, माणसांचं परीक्षण आहेच आणि यंत्राने गुण द्यायचे नाहीत. हे मला पटलं. पुरवणी म्हणून माझी काही हरकत नाही, इतिवृत्ताचंही मी तेच म्हणतोय.

बाकी कायद्याचं सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं पण ते टाळता येत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, ती आहेत. महाराष्ट्रात वर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद करावी लागते, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. पोरांना वाटतं हा निव्वळ कागदी खेळ. मी एक संस्था जवळून बघितलीय, नाव घेत नाही, तिथं एकाच वर्षी दोन कार्यकारिण्या निवडून आल्या, दोघांचे वेगवेगळे चेंज रिपोर्ट, दोघांकडे आपापलं इतिवृत्त आणि दोन्हीत "सर्वानुमते". बँकेने खातं गोठवलं, सही कुणाची घ्यायची म्हणून. लायब्ररीच्या कपाटांच्या किल्ल्या एकाकडे आणि दाराची दुसऱ्याकडे. ज्ञानकोशाचे खंड होते आत, दोन पावसाळे तसेच गेले. उघडलं तेव्हा वाळवीने वरचे दोन कप्पे संपवले होते, आणि भांडणाऱ्यांपैकी एक जण तोवर वारलेही होते.

तर संपादकसाहेब, येत्या रविवारी आमची दुसरी सभा आहे. गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी, नेहमीप्रमाणे. अजेंड्यावर पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. देणगीचा ठराव खोडायचाय, त्याला बाई स्वतः सूचक आहेत आणि या वेळी खरंच आहेत. चहाचा तसाच ठेवावा असं बहुमत दिसतंय.

आपला,
एक माजी कार्यवाह, सातारा