तुझी निळी वही हवी आहे

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील तर तो राग रास्त आहे. प्रकृती बरी, गुडघा आहे तसाच.

काल आपल्या संग्रहालयातल्या तिसऱ्या कपाटाचा खालचा खण उघडला. पांढरीवरची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवरची खापरं. पुठ्ठ्याचे खोके ओलीने बसलेत, चिठ्ठ्यांचा कसरीने भुगा केलाय, उरल्यासुरल्यांवरची शाई पसरलीय. 112 खापरं एकात एक मिसळली. तो तांबड्या झिलईचा काठही त्यातच. कुठल्या टेकाडावरचा, वेचलेला की विहीर खणताना निघालेला, काही सांगता येत नाही. पोटात कसं कालवलं ते तुलाच कळेल.

वस्तूवर लिहायचं नाही, चिठ्ठी पुरे, असा तुझा हट्ट. त्यावरून आपण अप्पांच्या ओसरीवर जेवणं थंड केली होती. बाळ्या, आता तरी ऐक. खापर कोरड्या ब्रशने झाडायचं. काठ नि नक्षी सोडून आतल्या अंगाला नखाएवढ्या जागेत ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 चा, म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा, एक हात द्यायचा. पुरतं वाळलं की काळ्या चिनी शाईने नोंद क्रमांक, वरून दुसरा हात. उद्या कुणाला नको वाटलं तर ॲसिटोनच्या बोळ्याने सगळं निघतं, खापराला ओरखडा नाही. नेलपॉलिश मात्र वापरू नये, ते पिवळं पडून पापुद्र्याने सुटतं आणि आकडा सोबत नेतं. कापडाला क्रमांकाची सुती फीत टाचायची, कागदाला मऊ पेन्सिल.

समितीकडे आता नव्या दालनाचे पैसे येतायत. काचेची कपाटं, दिवे, पडदा. मला आनंदच आहे, पण नोंदवही पुरी झाल्याशिवाय भिंत उभी राहू नये असं मी सभेत तीनदा बोललो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात सुमारे 20,000 वस्तू, मांडलेल्या त्यातल्या जेमतेम अडीच हजार. संग्रहालय बहुतेक कपाटातच असतं रे, आणि कपाटाचा जीव वहीत. धाराशिवजवळच्या तेर गावची हस्तिदंती बाहुली घे. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन नगरात सापडलेल्या बाहुलीशी तिचं साम्य आहे म्हणून लोक बघतात, पण ती तेरची, म्हणजे जुन्या तगरची, हे माहीत आहे म्हणून ते साम्य बोलतं. गावाचं नाव पुसलं असतं तर नुसती सुरेख बाहुली उरली असती.

देणगीदारांचंही तेच. परवा एक तांब्याची समई आली, चिंच-मिठाने लखलखीत घासून. मिठातलं क्लोराइड धातूच्या छिद्रांत बसतं, पावसाळ्यात हवेची ओल मिळाली की फिकट हिरवी भुकटी फुटते आणि धातू आतून खात जाते. आता ती वेगळ्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत. म्हणून वस्तू हातात घेतानाच विचारायचं: कुठून, कुणाकडून, कधी, कशासाठी वापरत, काय लावून घासलीत? नांगरताना नाणी निघाली असतील तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगायचं. 1878 च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्यात दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी द्यावी लागते, आपण परस्पर ठेवून घेऊ नये.

चिनूच्या बारावीचं काय झालं? घर विकतोयस असं अप्पा म्हणाले, खरं का? वहिनींना नमस्कार.

आता मुद्द्याचं. तुझ्या निळ्या वहीत तू खापरांच्या काठांचे छेद, म्हणजे उभा काप दाखवणारी चित्रं, काढायचास, मूळ मापात, खाली टेकाडाचं नाव घालून. ते छेद मिळाले तर काठाचा व्यास नि उतार जुळवून निदान काठाची खापरं ओळखता येतील. काठ नसलेल्या, पोटाच्या तुकड्यांचं अवघड आहे, ती 'ठिकाण अज्ञात' म्हणूनच नोंदवीन. वही पोस्टाने पाठवू नकोस. प्रत्येक पानाशेजारी पट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढ, मागची पानंही, रिकामी वाटली तरी. घर आवरताना रद्दीत गेली नसेल ना? आज रात्रीच बघ.

तुझा,
दत्ता