सोबत करणाऱ्यांचा पगार हा ‘वरखर्च’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्षयरुग्णांसाठी काम करणाऱ्या मुंबईतील एका धर्मादाय संस्थेत मी अकरा वर्षे समुपदेशक आहे. आमचे बहुतेक रुग्ण गोवंडी, शिवाजीनगर आणि मानखुर्द भागांतले. औषधे सरकार मोफत देते, मग संस्थेची माणसे नेमके काय करतात, असा प्रश्न आम्हाला देणगीदारांच्या बैठकीतही विचारला जातो, म्हणून हे पत्र.

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. परंतु दुसऱ्या महिन्यातच ताप जातो, भूक लागू लागते आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला आता गोळ्यांसाठी खाडा करण्याची गरज नाही असे वाटू लागते. रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील औषधामुळे लघवी नारिंगी होते, हे आधी समजावले नसेल, तर रक्त जाते आहे या भीतीने रुग्ण पहिल्याच आठवड्यात औषध सोडतो. एखादी सून सासरी कळू नये म्हणून गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. तिच्याकडे आम्ही ओळखपत्र पर्समध्ये ठेवून, सासूबाई पाण्याच्या रांगेत असतील ती वेळ साधून जातो. जरीकाम करणारा मुलगा अचानक गावी गेला, तर त्याच्या जिल्ह्यात औषधे सुरू होईपर्यंत फोन करत राहावे लागते. क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकार देत असलेली निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली, ही फार चांगली गोष्ट आहे; मात्र ती थेट बँक खात्यात येते आणि जिचे खातेच नाही, तिच्यासोबत बँकेत कोणीतरी जावे लागते. उपचार मध्येच सुटला तर औषधांना दाद न देणारा क्षयरोग होऊ शकतो आणि तोच जंतू घरातल्या लहान मुलापर्यंतही पोहोचतो.

ही सारी कामे अंदाजपत्रकात अनेकदा ‘प्रशासकीय खर्च’ या रकान्यात पडतात आणि कात्री प्रथम तिथेच लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्यातून आम्हाला क्ष-किरण यंत्र मिळाले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ते यंत्र आजार शोधते. पुढचे सहा महिने रुग्णाच्या दारी जाणारे माणूसच लागते. विदेशी देणग्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा विदेशी देणगी नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेने तो निधी लहान संस्थेकडे सोपवण्यासही मनाई झाली. वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थांना हे दुसरे बंधन अधिक जाचक ठरले आहे, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी एका देणगीदाराचा करार संपला आणि माझ्या दोन सहकाऱ्यांना जावे लागले. त्यांचे रुग्ण माझ्याकडे आले. त्यांतील एका आजोबांनी मला दारातच विचारले, “त्या ताई का येत नाहीत? त्यांना सगळं सांगून झालं होतं.” मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला त्यांना तीन भेटी लागल्या आणि तेवढ्यात त्यांच्या बारा दिवसांच्या गोळ्या चुकल्या.

देणगीदारांना माझी विनंती आहे की समुपदेशकाचा पगार उपचाराच्या खर्चात धरावा आणि करार किमान तीन वर्षांचे करावेत. आमचा चालू करार ३१ मार्चला संपतो. त्या दिवशी माझ्या यादीतील नऊ जणांचे उपचार अर्ध्यावर असतील.

आपली,
एक समुपदेशक, मानखुर्द, मुंबई