आई-बाबांना पत्र : पावसातही चालणं सोडू नका

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल बाबा फोनवर म्हणाले, ‘पाऊस लागला, आता चालणं गणेश चवथीनंतर.’ तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहिते.

बाबा, तुम्ही जन्मभर गोव्याच्या कदंब महामंडळाच्या बसवर कंडक्टर होतात. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा एक अभ्यास १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी तो कमी जीवघेणा ठरत होता. तुमच्या नोकरीनेही तुम्हाला असंच उभं, हलतं ठेवलं. आता ती नोकरी नाही.

व्यायामाने रक्तदाब, साखर ताब्यात राहते हे डॉक्टर सांगतातच. त्याशिवाय हृदयाचा स्नायूच काटक होतो. रक्तवाहिनी अचानक बंद झाली की प्राणवायूवाचून पेशी मरतात. रक्त पुन्हा वाहू लागतानाही काहींना इजा होते. प्रयोगात काही दिवस रोज धावलेल्या उंदरांच्या हृदयाचं असं नुकसान कमी झालं. पेशींना इजा करणारे घटक निष्प्रभ करणारी द्रव्यं व्यायामाने हृदयातच वाढतात. मात्र धावणं थांबलं की हे संरक्षण दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. माणसात नेमके तेवढेच दिवस लागतील असं नाही, पण जून ते चवथ हा खंड मला फार मोठा वाटतो.

म्हार्दोळच्या आपल्या घराला मधोमध एवढं राजांगण आहे, त्याच्या भोवतीच्या सोप्यातून फेऱ्या घाला. आठवड्याला १५० मिनिटं पुरे. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत वेगाने. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं चाला. आई, तू दिवसभर राबतेस हे मला दिसतं, तरी सलग चालणं त्यात होत नाही. गुडघा दुखेल त्या दिवशी खुर्चीवरून सावकाश ऊठबस कर. शेवाळलेल्या अंगणात मात्र दोघंही उतरू नका.

चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, भलताच दम, यातलं काहीही जाणवलं तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करा. गॅस झाला असेल म्हणून वाट बघत बसू नका. मला नंतर कळवलंत तरी चालेल.

तुमची,
लेक