मुक्ताचं सलाईन

प्रिय सुमे,

आम्ही सगळे ठीक, माझी शुगर आटोक्यात. पण हे तुलाच लिहायचं होतं. सगळे 'मुक्ता नाटकं करते' म्हणत होते तेव्हा 'आधी तिची नाडी बघ' म्हणणारी तू एकटी.

काल मुक्ताला पुन्हा सलाईन लावलं. आत नेताना पोरीचे ओठ पांढरे. आडवी असताना नाडी 78, उभी राहिली की दहा मिनिटांच्या आत 130, आणि बीपी मात्र व्यवस्थित! हाच तो तिचा पॉट्स (POTS) आजार, उभं राहिलं की नाडी धावत सुटते. एक लिटर सलाईन, दोनेक तास. अर्धी बाटली संपेस्तोवर गालांवर रंग आला. खाली उतरल्यावर म्हणते, "आई, पाणीपुरी?" उभ्याने खाल्ली गं तिने, वर सुकी पुरीही मागून घेतली.

हे एक-दोन दिवस टिकतं. मग ते पाणी निघून जातं आणि पुन्हा पलंग. म्हणून तिचा हट्ट, दर आठवड्याला लावा. शिरा सापडत नाहीत, सिस्टर टिचक्या मारत बसतात, हाताची पाठ काळीनिळी झालीय. तर आता म्हणते, छातीत पोर्ट, म्हणजे सलाईनसाठी कातडीखाली कायमची नळी, बसवून घेऊ. डॉक्टर ठाम 'नाही' म्हणाले. फारच ढासळली तर लावू, पण कायमची नळी म्हणजे रक्तात जंतू जाण्याची, गुठळी होण्याची भीती. अमेरिकेतल्या हार्ट रिदम सोसायटीनेही 2015 साली हेच सांगितलंय म्हणे. मला पटलंय गं. पण ते केबिनमध्ये एकदा 'नाही' म्हणून मोकळे झाले, मला रोज तिच्या तोंडाकडे बघून म्हणायचंय.

त्यांचा भर मिठावर. दिवसाला 10 ग्रॅम मीठ, तीन लिटर पाणी, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे, बसून-झोपून करायचा व्यायाम. इकडे सासूबाईंचं बीपीमुळे मीठ तोडलेलं, म्हणजे एकाच ओट्यावर दोन आमट्या. हॉस्टेलवर तुझ्या खारट आमटीवरून आपला अबोला झाला होता ना? आता तीच हवीय, ये करायला! (तेव्हा मीठ जास्तच होतं, मी अजून मागे घेणार नाही.)

रविरावांचा गुडघा कसा आहे? मिनूच्या निकालाचे पेढे राहिलेत.

या रविवारी मुक्ताला फोन कर. तुझं ती ऐकते. पोर्टचा विषय काढला तर लगेच रागावू नकोस, आधी तिला बोलू दे. माझ्याजवळ ती हल्ली अर्ध्यावरच थांबते.

तुझी,
कुंदा