डायरीतल्या सह्या

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, सातवीतल्या माझ्या डायरीत बाईंच्या तक्रारींखाली तुमच्या अकरा सह्या आहेत. त्यातल्या नऊ मी केल्या आहेत. तुमचा शेवटचा फराटा मला कधीच नीट जमला नाही, पण बाईंनी तो निरखून पाहिला नाही. पहिल्या दोन तेवढ्या खऱ्या. दुसऱ्या सहीच्या वेळी शाळेपेक्षा मोठी शिक्षा घरात झाली आणि तिसऱ्यापासून मी शहाणी झाले.

इतक्या वर्षांनी हे लिहितेय, कारण मी शिकवते त्या शाळेत शिस्तीची नवी नियमावली होतेय आणि तिचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. तीनदा उशीर झाला की एक दिवस घरी. मोबाइल सापडला की तीन दिवस. गृहपाठ नसेल तर तो तास वर्गाबाहेर. ‘कोणालाही सवलत नाही’ हे वाक्य वरिष्ठांना ठळक अक्षरांत हवंय. मी लिहायला बसले आणि ‘तो तास वर्गाबाहेर’ इथेच अडकले.

सातवीत आमचा गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. मी दाराबाहेर जिथे उभी असायची, तिथून फळ्याचा फक्त उजवा कोपरा दिसायचा. त्या कोपऱ्यात उत्तरं असायची, रीत नाही. ऋण संख्या त्याच दिवसांत शिकवून झाल्या. ऐकलं नाही म्हणून गृहपाठ जमायचा नाही, जमला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हे मी पाठ केलं. ते का, हे शिक्षिका व्हायला निघाले तेव्हा कळलं. आई, तू सगळ्यांना सांगायचीस, ‘हिचं गणित पहिल्यापासून कच्चं.’ कच्चं नव्हतं गं. माझ्या कानावरच पडलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात लाज वाटली. येणारीजाणारी लहान मुलं माझ्याकडे बघायची, तेव्हा मी चपलेचा अंगठा बघत बसायचे. दुसऱ्या महिन्यात लाज गेली आणि हेच मला आता जास्त भीतीदायक वाटतं. बाहेर बरं वाटायला लागलं होतं. तिथे कोणी प्रश्न विचारत नव्हतं. सोबतीला एक मुलगा असायचा, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस बाहेर काढलेला. एकदा बाईंनी त्याला सांगितलं, ‘पालकांना घेऊनच ये.’ त्याच्या घरून कोणी येणार नव्हतं, म्हणून तोही आला नाही. पटावरून त्याचं नाव कधी गेलं, ते आम्हा कोणाला कळलंसुद्धा नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, ‘आम्ही छड्या खाल्ल्या, आमचं काय बिघडलं?’ तुमचं नसेल बिघडलं. पण तुमच्या वर्गातून छडीला भिऊन जी मुलं कायमची गेली, त्यांना हे कोणी विचारलेलं नाही. छडीला आता कायद्याने बंदी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. पण वर्गाबाहेर उभं केल्याने वळ उठत नाहीत, म्हणून ते चालून जातं.

मसुद्यासाठी थोडं वाचलं. अमेरिकेत अशा ‘झीरो टॉलरन्स’, म्हणजे कोणालाही सवलत न देणाऱ्या नियमांचं पेव फुटलं होतं. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या गटाने झालेले अभ्यास तपासले; त्यांचा अहवाल 2008 मध्ये छापून आला. त्या नियमांनी शाळा जास्त सुरक्षित झाल्याचं त्यांना आढळलं नाही. टेक्सास राज्यातल्या शाळांवरचा 2011 चा अहवाल तर मी दोनदा वाचला. त्यात जवळपास दहा लाख मुलांच्या सातवी ते बारावीच्या नोंदी आहेत. निम्म्याहून जास्त मुलांना एकदा तरी वर्गाबाहेर किंवा शाळेबाहेर काढलेलं. त्यातल्या फक्त 3 टक्के शिक्षा राज्याच्या कायद्याने सक्तीच्या होत्या, बाकीच्या शाळांनी आपल्या मर्जीने दिलेल्या. शिक्षा झालेल्यांपैकी 31 टक्के मुलं एकदा तरी त्याच इयत्तेत राहिली. शिक्षा न झालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के. आता, मागे पडलेल्या मुलालाच शिक्षाही जास्त होते, त्यामुळे सगळा दोष शिक्षेवर टाकता येणार नाही, हे मलाही कळतं. पण मागे पडलेल्या मुलाचा तासच काढून घ्यायचा, यात कोणती अक्कल आहे?

मला सगळं मोकळं सोडायचंय असं समजू नका. गेल्या वर्षी एका मुलाने दुसऱ्याचं डोकं फोडलं, तेव्हा त्याला दोन दिवस वर्गापासून लांब ठेवा, असं मीच म्हटलं होतं. पण ते दोन दिवस तो स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी बसून धडे लिहीत होता. उशिरा येणाऱ्या मुलीला मात्र आधी ‘का?’ एवढंच विचारावं. मला कोणी विचारलं नाही; शाळेत नाही आणि घरातही नाही. हे रागाने लिहीत नाहीये, बाबा. शाळेच्या विरुद्ध बोलणं तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, हे मला आता समजतं.

गुरुवारी बैठक आहे. वर्गाबाहेर काढायचं कलम मी मसुद्यात लिहिलेलं नाही, त्यावरून वाजणार. आई, माझी जुनी दप्तरं तू टाकली नसशील तर तेवढी सातवीची डायरी शोधून ठेव. बुधवारी संध्याकाळी न्यायला येते. बाबांनी सह्या आधी बघितल्या तर बघू देत.

तुमची,
ताई