पथ्याच्या रकान्यात तू जे लिहिलंस

प्रिय मित्रा,

दीड वर्षात पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम चार पानं. शिव्या भेटल्यावर घाल, आधी वाच. प्रकृती ठीक. गोळ्या दोनाच्या तीन झाल्यात, बाकी काही नाही.

लेकीचं लग्न ठरल्याचं तुला तिनेच कळवलं आणि सोबत तो ऑनलाइन फॉर्मही धाडला. तू तो भरून पाठवलास. हे पत्र त्या फॉर्मपायीच लिहितोय, पण त्यावर मागून येतो. धीर धर. तसा तुला तो कधीच नव्हता, बुद्धिबळात तर नव्हताच.

संध्याकाळचं जेवण, बुफे, माणसं २६०. माझा हिशेब सरळ होता: एक टेबल शाकाहारी, एक मांसाहारी, झालं. लेक म्हणाली, "बाबा, आधी विचारू तरी." विचारलं. उत्तरं आली तशी मी एक्सेलमध्ये भरत बसलो आणि रात्री दीड वाजता ही उठून विचारायला आली की कुणी गेलं का.

सहा जण व्हीगन. दूध, दही, तूप बाद, हे मला ठाऊक होतं. मधही बाद, हे नव्हतं. अकरा जैन, त्यातले चार सूर्यास्तानंतर तोंडात पाणीही घेत नाहीत. म्हणजे रात्री आठच्या बुफेत मी त्यांना रिकामी ताटली दाखवणार! आता त्यांच्यासाठी एक काउंटर साडेपाचलाच उघडतोय. मधुमेही मोजायचं मी सोडून दिलं, त्यापेक्षा नसलेले मोजणं सोपं. हिच्या मामांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. त्यांना पालेभाजी बंद नाही, पण रोज असते तेवढीच हवी, एकदम ताटभर चालत नाही. आणि दूध न चालणारे दोघे. एकाला दुधातली साखर पचत नाही, तो तूप बिनधास्त खातो. दुसरीला दुधाची अ‍ॅलर्जी, तिला तुपाचा थेंबही नको. हिने दोघांना एकाच ओळीत टाकलं होतं. त्यावरून आमचं जे वाजलं, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार.

मी आधी मूर्खासारखा प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ लिहीत गेलो. यादी चौतीसवर पोचली. आचारी म्हणाला, "साहेब, हे लग्न आहे की दवाखाना?" माणूस चांगला आहे, पण जीभ तुझ्यासारखी.

मग उलटा विचार केला. पदार्थ कमी, पण एकेक पदार्थ जास्तीत जास्त लोकांना चालेल असा. भाताला हात लावायचाच नाही. डाळ नुसती शिजवून ठेवायची, फोडणी शेजारी वेगळ्या भांड्यात. तीन भाज्यांपैकी दोन कांदा-लसूण-कंद नसलेल्या आणि तेलातल्या. रश्शाला दाटपणा काजूने आणायचा नाही, मैद्यानेही नाही. शिजवून घोटलेला दुधी घातला की पुरतो. गोडात ती थरथरणारी जेली होती. तिच्यात जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. तिथे अगर वापरायला सांगितलं. ते समुद्री शेवाळापासून येतं, त्यामुळे शाकाहारी, व्हीगन आणि हलाल पाहणारे चौघे, एका झटक्यात तीन रकाने मिटले. त्या दिवशी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तो इंजिनिअरिंगच्या निकालालाही वाटला नव्हता. (तुझा निकाल काढत नाही. मोठ्या मनाचा आहे मी.)

खरी पंचाईत पुढेच. व्याह्यांची धाकटी मुलगी, एकवीस वर्षांची, तिला सीलिअ‍ॅक आहे. मी समजत होतो की गहू सोसत नाही म्हणजे पोट बिघडत असेल. तसं नाही रे. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन आत गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. औषध नाही, जन्मभर टाळणं हाच उपाय. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत लागतं, यावरून किती बारीक प्रकरण आहे ते बघ.

परवा चव घ्यायला गेलो. आचाऱ्याने छातीला हात लावून सांगितलं, डाळीत, भाजीत कुठेही गहू नाही. मी मान डोलावली. निघताना सहज मसाल्याच्या फळीपाशी उभा राहिलो. हिंगाची पिवळी डबी. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मागची बारीक अक्षरं वाचली: गव्हाचं पीठ. नुसता हिंग फार उग्र, म्हणून डिंकात आणि पिठात मिसळून विकतात, हे मला या वयात कळतंय. ती डबी प्रत्येक फोडणीत पडणार होती. मी त्याच्यापुढे धरली. तो हसला आणि म्हणाला, "अहो, चिमूटभर तर असतो. तेवढ्याने काय होतंय!"

मित्रा, तो आवाज माझा होता. "थोडंसंच आहे रे, काढून खा."

मेसमध्ये मी तुला हे किती वेळा म्हटलं असेन? आणि तू एकदाच विचारलं होतंस, "दाण्याचं कूट कसं काढून खायचं, ते तू करून दाखव." आम्ही सगळे हसलो होतो, लंबू तर ताटावर पडायचा राहिला. तुझं नाव आम्ही 'नाजूक' पाडलं. नंतर माझ्या लग्नात तू वाढप्याला विचारलंस, तो नाही म्हणाला, आणि पाच मिनिटांत तुझे ओठ सुजले. लंबूने तुला स्कूटरवर घालून डॉक्टरकडे नेलं. मी फोटो काढून घेत होतो. दोन दिवसांनी कळलं तेव्हाही मी पहिल्यांदा हसलोच. आमच्या ग्रुप फोटोत तुझी जागा रिकामी आहे, आणि तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की हा नेहमीसारखा उशिरा आला. उशिराचं बाकी तुझ्या बाबतीत खोटं नाही, पण त्या दिवशी तू आमच्याआधी पोचला होतास.

असो. हिंगाची डबी बाद, त्याऐवजी नुसती जिऱ्याची फोडणी. सोया सॉसमध्येही गहू निघाला, तोही बाद. तिचं जेवण वेगळ्या भांड्यात आधी शिजेल आणि झाकून आत राहील. बुफेवर ठेवून उपयोग नाही, कारण लोक पोळीच्या परातीतला चिमटा उचलून दुसरीकडे खुपसतात. मीही खुपसतो. म्हणून दर भांड्यापाशी एक वाढपी, पाहुण्यांच्या हाती डाव नाही. तळणीची कढईसुद्धा दोन, पिठात घोळवलेलं एकीत, बाकीचं दुसरीत. आणि पथ्याचे पदार्थ निम्मे आत राखून ठेवायचे, कारण ज्यांना पथ्य नाही तेच आधी त्यांवर तुटून पडतात. "व्हीगन म्हणजे काय बघू तरी" म्हणत. सहा जणांसाठी केलेलं साठ जण चाखतात.

पाट्यांवरून लेकीचं नि माझं अजून मिटलेलं नाही. तिला पानाफुलांची छोटी चित्रं हवीत. मी म्हणतो, सरळ मोठ्या अक्षरात लिही: तीळ आहेत, काजू आहेत, दूध आहे. साठीच्या माणसाला ते हिरवं पान म्हणजे कोथिंबीर वाटणार. गरम ते ६० अंशांच्या वर, गार ते ५ च्या खाली, आणि बाहेर राहिलेलं दोन तासांत उचलायचं, हेही कागदावर लिहून आचाऱ्याला दिलंय. फोटोग्राफरला कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच.

तुझं कसं चाललंय? गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते लंबूकडून कळलं. मी यायला हवं होतं. धाकट्याला नोकरी लागली, छान झालं. वहिनींना नमस्कार.

आता फॉर्म. तुझी ओळ मी पाचदा वाचली. 'खाण्याचं काही पथ्य / अ‍ॅलर्जी?' या रकान्यात तू लिहिलंयस, 'काही नाही. काहीही चालेल.'

लंबूला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तो कुठल्याच लग्नात जेवत नाही. डबा आणतो, गाडीत बसून खातो, मग येऊन आहेर देतो. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं.

आचारी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो, मोठ्या कौतुकाने सांगत होता, शुद्ध म्हणून. घाण्याच्या तेलात दाण्यातलं प्रोटीन राहतं, हे मी आता वाचलंय. तेल बदललंय, सगळ्या स्वयंपाकाचं, तुझं एकट्याचं वेगळं नाही. कूट, दाणे, चटणी, काही आत येणार नाही. सामान उतरवायच्या दिवशी मी स्वतः दारात उभा राहून पोती बघणार आहे. आचाऱ्याने मला 'हवालदार' नाव पाडलंय, ते तू लंबूला सांगू नकोस.

तुझी ती ओळ मी खोडली आहे. फॉर्मची लिंक परत पाठवतोय. इंजेक्शन जवळ बाळगतोस का, तेही लिही, आणि ते कसं द्यायचं हेही. शेजारच्या खुर्चीत मी असेन.

तुझा,
हवालदार